हयात: हो किंवा नाही

सेरेस या लघुग्रहावरच्या, हरवलेली यानं शोधणाऱ्या केंद्राचा कारभार आता 'सुसूत्र' या नव्या संगणकभाषेत चालत होता आणि ती आणणाऱ्या डॉ. हेरंब टिल्लूंना तिचा भारी गर्व होता. जुन्या भाषेला ते गबाळी म्हणत. सुनीती साखळकर समोर येऊन बसली तेव्हाही त्यांनी आधी तेच ऐकवलं.

तिचा नवरा विश्राम लघुग्रहांवरचा बर्फ खणायचा. त्याच्या यानाशी संपर्क तुटला, शोध सुरू झाला, पण भाषा बदलली त्याच दिवशी तो थांबला. का, एवढंच तिला विचारायचं होतं.

बालवाडीतल्या पोराला सांगावं तसं टिल्लूंनी सांगितलं. प्रत्येक आज्ञावलीला काम करायला माहिती लागते. त्या माहितीच्या खणाला प्राचल म्हणतात. जुन्या भाषेत त्या खणात काहीही कोंबता येई, आकडा, शब्द, नाहीतर तो रिकामाही ठेवता येई. सुसूत्रमध्ये प्रत्येक खणाचा प्रकार ठरलेला. 'हयात' या खणात फक्त 'हो' किंवा 'नाही' बसतं.

"जुन्या नोंदीत तुमच्या नवऱ्यापुढे 'माहीत नाही' होतं," ते म्हणाले. "हे काय उत्तर झालं, बाई? रूपांतर करताना अशा सगळ्यांचं आम्ही 'नाही' केलं. आणि मेलेल्यांना यंत्र शोधत नाही."

"म्हणजे तुम्ही त्यांना मारलंत."

टिल्लू हसले. अडाण्यांना भाषांतर आणि खून यांतला फरक कळत नाही, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या हाती माणसांचे जीव सोपवणारी समितीही तेवढीच विद्वान. शोधांची संख्या घटली म्हणून तिने त्यांना मानपत्र दिलं होतं.

सुनीती उठेना. विश्रामकडून संदेश आलाच असेल तर तो कुठे जातो, तिने विचारलं. मृत माणूस संदेश पाठवत नाही, टिल्लू म्हणाले. त्याच्या नावाने आलेलं सगळं यंत्र कचऱ्यात टाकतं. तिचं समाधान व्हावं, खरं तर ती एकदाची जावी, म्हणून त्यांनी तो कचरा उघडला.

खोलीत विश्रामचा आवाज आला. त्याने आपलं ठिकाण सांगितलं, हवा कुठवर पुरेल ते सांगितलं. पुढच्या संदेशात पुन्हा तेच, जरा दमलेल्या आवाजात. सुनीती टेबलाची कड धरून ऐकत राहिली. शेवटच्या संदेशात नुसता श्वास होता, आणि तो आठवड्यापूर्वीचा होता.

टिल्लूंनी चष्मा पुसला. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू ओसरली.

"म्हणजे नोंद आता बरोबर आहे," ते म्हणाले आणि त्यांनी कचरा बंद केला. त्यात दुसऱ्या कुणाकुणाचे संदेश अजून येतच होते.