उघाडीची सातवी फळी

टोपी खुंटीला अडकवायला अयूब मुकादमांनी हात वर केला आणि तो तसाच थांबला. खुंटीवर एक जाड, काळवंडलेली लोखंडी कडी होती.

"हे काय?"

"अस्थींत सापडलं," राही म्हणाली. "आबांच्या कमरेचं काहीतरी असेल. टाकवलं नाही."

रत्नागिरीत खासगी तपास करणारा हा एकच माणूस तिला ऐकून ठाऊक होता. त्यांच्यासोबत आलेला त्यांचा मदतनीस सदू बशीतला चहा फुंकत होता.

राहीनं सगळं सांगितलं. तिचे वडील भागोजी १९५४ पासून, म्हणजे तीस वर्षं, ग्रामस्थ मंडळाच्या उघाडीची राखण करत. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार, एकावर एक सरकवलेल्या सात फळ्यांचं. ओहोटीला वरची फळी काढून शेतातलं पाणी सोडायचं, भरतीआधी ती परत बसवायची. पंधरवड्यापूर्वी सकाळी ते फळी काढून घरी आले आणि छातीत कळ येऊन गेले. दुपारी सगळा गाव त्यांना पोचवायला गेला. संध्याकाळच्या भरतीनं उभं भात खारवलं. ती वरची, सातवी फळी सापडलीच नाही.

"मंडळ म्हणतं, आबांनी घरी नेली. उद्या सभा आहे. मंडळाच्या फलकावर राखणदार म्हणून त्यांचं नाव आहे, ते खरवडणार."

आबा या गावात होते, हे सांगणारं दुसरं काही नव्हतं.

उघाडीवर मंडळाचा सचिव शिवा वही घेऊन आला. सदूनं सहाव्या फळीच्या मधोमध असलेली कडी ओढली. फळी हलली नाही.

"ओढा, ओढा. गाव बुडवा आणखी एकदा," शिवा म्हणाला.

"भागोजींच्या मयताला लाकूड कोणी दिलं?" अयूबांनी विचारलं.

"घरटी एक. ज्या घरानं दिलं नाय, त्या घराच्या मयताला गाव देत नाय. नियम हाय मंडळाचा." त्यानं वही पुढं केली. "बघा, एक घर चुकलेलं नाय."

"लाकडं तुम्ही पाहून घेतलीत?"

"रास पडत होती, मी नाव ऐकून खूण करत होतो. लाकडाचं काय बघायचं?"

खाली खाडीकाठी मासेमारी करणारा अकबर जाळं विणत होता.

"बांधात पाणी शिरलं की मासे तुझेच," अयूब म्हणाले.

"खरं हाय. पण त्या सांजेला जाळं टाकलं नाय मी. भागोजीकाका गेला होता."

बांधाच्या टोकाला सावित्रीआजीचं घर. चुलीत झावळ्या धुमसत होत्या. अंगणात ना ओंडका, ना कुऱ्हाड.

"आजी, लाकडं कोण तोडून देतं?"

"कोण देणार? पोरगे मुंबैला. झावळी पडते, ती जाळते." मग तिनं राहीकडं पाहिलं. "जेवलीस काय गो?"

पंधरा दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. "होय," राही खोटंच म्हणाली.

परतताना सदू म्हणाला, "अकबरच. लिहून देतो."

"जपून लिही," अयूब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सभेत अयूबांनी कडी टेबलावर ठेवली.

"ही सातव्या फळीची. भागोजींच्या राखेत मिळाली. मेलेला माणूस स्वतःच्या चितेवर फळी ठेवत नाही. त्यांनी ती बांधावर ठेवली होती, भरतीआधी बसवायला. वहीत प्रत्येक घरापुढं खूण आहे. मी काल घरोघर परसात डोकावलो. सगळीकडं लाकडाची रास आहे. एका घरात जाळायलासुद्धा लाकूड नाही. मग त्या घरानं दिलं कुठून? ते घर बांधालगत आहे."

त्यांनी नाव घेतलं नाही. सावित्रीच उठली.

"पडली होती बांधावर. जुनी टाकली असंल, वाटलं. माझ्या नावापुढं खूण नसती, तर मला कोण जाळणार होता? मागनं कळलं. तोंड उघडायला भ्यायले."

शिवानं वही उघडली. तिच्या नावापुढची खूण खोडायला त्यानं पेन टेकवलं.

"राहू दे," राही म्हणाली. "लाकूड आबांनाच लागलं. आणि आजीच्या वेळेला माझ्या घरातनं दोन लिही."

"तुझ्या घरात तोडणारं कोण हाय?"

"मी आहे."

फलकाकडं कोणी गेलं नाही. भागोजींचं नाव होतं तिथंच राहिलं.

सभेनंतर राही आणि आजी बांधावरून आजीच्या घराकडं निघाल्या. घराशी आल्यावर आजी थांबली. वर न बघताच तिनं विचारलं, "जेवलीस काय गो?"

"नाय," राही म्हणाली.