जिन्यावरचं शेवटचं वाक्य

फोटो द्यायला गेले होते, एवढंच. मावशीचा चौकटीतला फोटो जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळला, काखोटीला मारला आणि रविवारी सकाळी चित्रपट मंडळाच्या थिएटरवर पोचले. तिच्या श्रद्धांजलीचा खेळ होता. तुम्ही दिवा जवळ ओढलात म्हणून सांगते, यात भीती नंतर येते. आधी राग आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, कृष्णधवल सिनेमांतली नायिका. नाव सांगत नाही. सांगितलं की लोक लगेच "अहाहा, काय तो आवाज!" म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. तो आवाज तिचा नव्हताच. तिचा स्वतःचा आवाज जाड, खर्जातला, नुकतं झोपेतून उठल्यासारखा. दिग्दर्शकाला नायिकेच्या तोंडी मध हवा होता. म्हणून तिचे संवाद दुसऱ्याच एका मुलीकडून वदवून घेतले. ते इतके गाजले की पुढे प्रत्येक सिनेमात तेच चाललं. त्या बिचारीचंही नाव कधी पडद्यावर आलं नाही. एकीचा चेहरा, दुसरीचा गळा, आणि टाळ्या तिसऱ्यालाच.

मला सिनेमाचं वेड लावलं ते मावशीनं. टीव्हीवर जुना सिनेमा लागला की मला शेजारी बसवायची आणि इतर नट्यांचं कौतुक करायची. त्यात हातचं राखून ठेवणं नाही. "ही बघ, रडताना चेहरा सांभाळत नाही. नाक वाहतंय तर वाहू देते." "हिची पाठ बघ गं. पाठमोरी उभी राहून समोरच्याला खाऊन टाकलं हिनं." आणि एक घारी नटी होती, तिच्यावर तर तिचा फार जीव. "ही ऐकते कशी बघ. बोलायला काय, कुणीही बोलेल. ऐकायला नटी लागते." लोक जुन्या नट्यांच्या नुसत्या रूपाचं बोलतात तेव्हा मला चीड येते ती म्हणूनच. त्या बायका किती कष्टाचं काम करत होत्या, ते मावशीनं मला एकेका पापणीच्या हालचालीवर बोट ठेवून शिकवलं.

तिचा स्वतःचा सिनेमा लागला की मात्र टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. आमच्या घरचा नियमच होता तो. मग पडद्यावरची तरुण मावशी ओठ हलवायची आणि शेजारची म्हातारी मावशी त्या ओठांवर आपल्या जाड आवाजात एकेक शब्द बसवायची. तसूभर चुकायची नाही. अंगावर काटा यायचा माझ्या.

सगळ्यात गाजलेला तिचा जिन्यावरचा प्रसंग. नवऱ्यानं घराबाहेर काढलेली बायको जिन्यावर उभी राहते, "ह्या घ्या तुमच्या किल्ल्या" म्हणून बोलायला लागते, बोलत बोलत एकेक पायरी उतरते आणि दाराशी वळून म्हणते, "मी तुम्हाला माफ केलं." त्यावर थिएटरं ढसाढसा रडली. पण नीट बघा कधीतरी. 'माफ' म्हणायला ओठ मिटावे लागतात. तिचे मिटत नाहीत. शूटिंगच्या वेळी ती दुसरंच काहीतरी बोलली होती. माफी तिच्या तोंडी मागाहून चिकटवली.

घरीही ती त्या वाक्याशी येऊन गप्प व्हायची.

"काय म्हणाली होतीस गं तेव्हा?" मी कितीदा विचारलं.

"ते तुझ्यासाठी नाही. ज्यांना ऐकवायचंय त्यांनाच ऐकवीन."

शेवटच्या आजारात तिनं एकच गोष्ट मागितली. "भरल्या थिएटरात एकदा तो प्रसंग आवाज बंद करून दाखवा. मधाचं बोट पुरे झालं. लोकांना नुसती मी दिसू दे."

मंडळाच्या अध्यक्षांनी तिच्या उशाशी बसून शब्द दिला होता. आणि त्या सकाळी मला दारातच म्हणतात कसे, "अहो, लोक तो आवाज ऐकायला येतात. तोच बंद केला तर उरतं काय?"

"माझी मावशी उरते."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. द्या तो फोटो, मंचावर ठेवू."

फोटो त्यांच्या टकलावरच ठेवावा असं वाटलं. दिला नाही. आत जाऊन मधल्या रांगेत बसले आणि फोटो शेजारच्या खुर्चीवर उभा केला. अध्यक्षांनी भाषण ठोकलं. त्यात मधुर हा शब्द इतक्या वेळा आला की माझे दात आंबले. मग दिवे मालवले.

बाहेर रखरखीत ऊन होतं. आत काळोख, जुन्या मखमलीचा कुबट वास, पाठीमागे यंत्राची घरघर. सिनेमा नेहमीसारखा चालला होता. तो गोड आवाज कानात ओघळत होता आणि मी मुठी आवळून बसले होते. बऱ्याच वेळानं एक दुसरा वास आला. गुडघ्यांना चोळायच्या मलमाचा. मावशीच्या खोलीला यायचा तोच. मी इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या खुर्चीवर फोटो होता, पलीकडे एक म्हातारे गृहस्थ. असेल त्यांच्या गुडघ्यांचा, म्हटलं.

जिन्याचा प्रसंग आला. मावशी वरच्या पायरीवर उभी होती, हातात किल्ल्यांचा जुडगा.

"ह्या घ्या तुमच्या किल्ल्या," आवाज आला.

तिचे ओठ मिटलेले होते.

आधी वाटलं, माझेच डोळे. पण आवाज पुढे पुढे बोलत राहिला आणि ती तशीच, तोंड घट्ट मिटून, एकेक पायरी उतरत राहिली. तो गोड आवाज तिच्या चेहऱ्याभोवती माशीसारखा घोंगावत होता. त्याला शिरायला जागाच नव्हती. मागून कुणीतरी हसलं. मग हसू थांबलं. ती नवऱ्याकडे बघतच नव्हती... ती खाली बघत होती, पहिल्या रांगेकडे.

"हे काय... थांबवा," अध्यक्ष उठून उभे राहिले. "अहो, थांबवा ना!"

"थांबत नाहीये, साहेब," वरच्या खिडकीतून ऑपरेटर म्हणाला. "बटण दाबलंय मी..."

"मग आवाज बंद करा! निदान आवाज तरी बंद करा!"

ऑपरेटरनं आवाज बंद केला. लक्षात घ्या, मावशीनं मागितलं होतं तेच अध्यक्षांनी सगळ्यांसमोर ओरडून केलं. मला त्या काळोखात हसू फुटलं. मरणाऱ्या बाईला दिलेला शब्द पाळायला माणसाला किती घाबरवावं लागतं!

थिएटर गप्प झालं. पडद्यावर तिनं ओठ उघडून श्वास घेतला. तो मला ऐकू आला.

"ह्या घ्या तुमच्या किल्ल्या..."

जाड, खर्जातला, घोगरा आवाज. तो पडद्याकडून येत नव्हता, भिंतींवरच्या कर्ण्यांतूनही नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीच्या उंचीवरून येत होता. मी मान वळवली नाही. वळवायची हिंमत झाली नाही, खरं सांगते. एकेक शब्द ओठांवर चपखल बसत होता. कुणी खोकत नव्हतं, खुर्ची करकरत नव्हती. काय बोलली ती! त्या संवादात इतका संताप आहे हे त्या मधानं आम्हाला कधी कळूच दिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

ती दाराशी आली. वळली. शेवटचं वाक्य. ओठ हलले... आणि मला काहीच ऐकू आलं नाही.

फक्त मला. पलीकडच्या गृहस्थांनी दोन्ही कानांवर हात दाबले होते. मागे एक बाई हुंदका गिळत होती. पहिल्या रांगेत अध्यक्ष मटकन खाली बसले.

दिवे लागले. टाळ्या नाहीत, काही नाही. लोक एकमेकांची नजर चुकवत बाहेर पडायला लागले. मी त्या गृहस्थांची बाही धरली. "शेवटी काय म्हणाली ती?"

"तुम्हाला नाही ऐकू आलं?" त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "...बरं झालं, बाई. नकाच विचारू."

त्याच आठवड्यात दुपारचे फोन सुरू झाले. अध्यक्षांचे.

"तुम्ही त्यांच्या भाची. तुमचं ऐकतील त्या," ते कुजबुजत म्हणाले. "त्यांना सांगा ना... आवाज जरा कमी करायला. मला झोप नाही हो."

"आमच्या घरात मावशीला आवाज कमी कर असं कुणी म्हणत नाही," मी म्हटलं आणि फोन आपटला. पुन्हा आला, पुन्हा आपटला. माणुसकी नाही म्हणाल. नसेल. उशाशी बसून खोटं बोलणाऱ्याला ती कुठून दाखवू?

परवा अध्यक्षांची बायको घरी आली. चेहरा ओढलेला. म्हणाली, "त्या रविवारपासून ह्यांची वाचा गेलीय. एक शब्द नाही. दिवसभर टीव्हीपुढे बसतात, ओठ हलत असतात, आवाज फुटत नाही. डॉक्टर म्हणतात, गळ्यात काही दोष नाही."

मी तिला पाणी दिलं. फोनचं काही बोलले नाही.

आज दुपारी परत वाजला. उचलला. आधी एक श्वास ऐकू आला. मग ते बोलायला लागले. आवाज अध्यक्षांचाच, पण आज जरा जाड वाटला, खर्जात उतरलेला.

"ह्या घ्या तुमच्या किल्ल्या..."

ह्या खेपेला मी फोन आपटला नाही. खोलीत मलमाचा वास दाटून आला तरी तसाच कानाशी धरून बसले. तो आवाज एकेक पायरी उतरत होता, आणि शेवटचं वाक्य मला ऐकायचं होतं.