डालग्यावरचा दगड

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पुढे सरका. मला काही फरक पडत नाही. हे मागच्या पौषात आमच्याच घरी घडलं, भिलाई-३च्या रेल्वे क्वार्टरमध्ये.

भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्या बायकांची मला चीड येते. निम्म्या रिकामटेकड्या असतात.

माझी सासू मैनाबाई आदल्या वर्षी वारली. शेवटपर्यंत तिनं मागच्या अंगणात कोंबड्या पाळल्या. रात्री त्यांना सिमेंटच्या ओट्यावर बसवायची, बांबूचं डालगं उपडं घालायची आणि वर दगड. ठक. झाला बंदोबस्त! मी हसायचे. ती नाक मुरडायची, "हुं! तुयाच्यानं काही राखल्या जात नाही, वंदना."

ती गेली आणि मी डालगं अडगळीत फेकलं. माझ्या मुलीचं, रीनाचं, बाळंतपण जवळ आलं होतं. तिच्यासाठी कोंबड्या जपायच्या होत्या. सुपेल्याच्या बाजारातून लोखंडी खुराडं बनवून आणलं. जाड जाळी, दोन कड्या, कुलूप.

"याले म्हणतात खुराडं," मी नवऱ्याला ऐकवलं. "तुमच्या आईसारखा दगडाचा खेळ नाही."

त्याच रात्री आवाज आला...

ठक.

पाठोपाठ, अगदी खिडकीपाशी... "हुं!"

मांजर असेल म्हणून मी कूस बदलली.

सकाळी कुलूप जसंच्या तसं. दोन्ही कड्या लावलेल्या.

आत एकही कोंबडी नव्हती...

पीस नाही, रक्त नाही. फक्त जाळीच्या खालून उकरून पाडलेलं भगदाड, आणि मातीत कोल्ह्याच्या पंजांचे ठसे. एवढं लोखंड लावलं, पण खालची जमीन मी कच्चीच ठेवली होती.

कोंबड्या ओट्यावर होत्या. साऱ्या जिवंत. डालग्याखाली. वर दगड.

आमचे हे किल्ली घेऊन उभे. "म्या नाही काढल्या," एवढंच बोलले.

मी खुराड्यात सिमेंट ओतून घेतलं. डालगं जाळायला निघाले, पण हात धजावला नाही. पुन्हा अडगळीत टाकलं.

महिन्याभरानं रीना बाळ घेऊन आली. पहिल्या रात्री दारं-खिडक्या मी स्वतः लावल्या. पाळणा माझ्या खाटेला लागून.

पहाटे...

ठक.

"हुं!"

मी धडपडत उठले. बाळ पाळण्यातच होतं, शांत झोपलेलं.

रीनानं दिवा लावला. "आई... ये टोकरी अंदर कौन लाया?"

पाळण्याशेजारी डालगं होतं. दगड बाजूला काढून ठेवलेला, जणू बाळावर डालगं घालायचंच बाकी होतं.

सासूचा मला अजून राग येतो. मेली तरी माझ्यावर भरवसा नाही बाईचा!

पण कोंबड्यांच्या वेळी ती चुकली नव्हती. खालून काय येतंय ते मला दिसलं नव्हतं, तिला दिसलं होतं.

आता रोज दिवेलागणीला मी टॉर्च घेऊन पाळण्याखालची फरशी तपासते. अजून तरी धड आहे.