रिकामी भट्टी

त्या दिवशी मला फक्त टॉर्च धरायला बोलावलं होतं. वायरमनकाका परसातल्या शेडमध्ये मावशीची मातीकामाची विजेची भट्टी जोडत होते.

मावशी आमच्याकडे येऊन आठ महिने झाले होते. बाबांनी तिला शेड दिली होती, पण बजावूनच : “भट्टी चालली तर राहा. नाहीतर सासरी परत जा.” सासरी काय होतं, ते तिच्या मनगटावरच्या डागांवरून मला कळत होतं.

शेडमध्ये कधी ऊन येत नसे. बाहेर लख्ख सकाळ होती, आणि आत बोललं की तोंडातून वाफ निघत होती. भट्टी पिंपाएवढी, कुणाचीतरी वापरलेली. आतल्या विटांना खाचा, खाचांत तारांची वेटोळी.

“ताई, ही चालू असताना घरात गीझर लावू नका,” काका म्हणाले. “आधी फ्यूज उडेल, मग तुमचे दाजी.”

मावशी हसली. खाचांतली धूळ कुंचल्यानं काढायची असते. कुंचला घरात राहिला होता. “कोण जातंय आता!” म्हणत तिनं भट्टीत डोकं घातलं आणि तळापर्यंत जोरात फुंकर मारली. एकदा नाही, तीन-चारदा.

भट्टी पहिल्यांदा रिकामीच तापवतात. तिच्या अंगाला डोळ्याएवढं भोक असतं. विटांतली ओल वाफ होऊन तिथून बाहेर पडते. आम्ही तिघं त्या भोकासमोर बसलो.

भट्टीवरचा तापमानाचा आकडा दोनशेवर गेला, तरी वाफ आली नाही. उलट मावशी बोलली की तिच्या तोंडातली वाफ सरळ भोकाकडे जायची आणि आत शिरायची. काकांचीही. मी ओढणी तोंडावर घट्ट दाबली.

थोड्या वेळानं काका उठले. त्यांचा घसा पार बसला होता. हातानंच ‘येतो’ अशी खूण करून ते गेले. हत्यारांची पिशवी तशीच राहिली. ती न्यायला ते आलेच नाहीत.

“मावशी... बाहेर चल ना...”

“अगंबाई, मुकीला वाचा फुटली!” ती भोकाजवळ आणखी सरकली. “भट्टी सोडून कुठं जाऊ? सासरी?” मग भट्टीकडे वळून हळूच म्हणाली, “ताप गं बाई, ताप. माझी लाज राख.”

चार वाजता आकडा आठशेवर होता. भोक लालभडक दिसत होतं, पण शेड होती तेवढीच गार. मावशी बोलतच होती... आणि तिच्या तोंडातून आता वाफ निघत नव्हती. माझ्या ओढणीतून निघत होती.

मी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

तिनं माझा दंड आवळला. “तुलासुद्धा मी जायला हवीय ना?” असा आवाज तिनं माझ्याशी कधीच काढला नव्हता.

तेवढ्यात बाबा आले. वाकून त्यांनी तो लाल उजेड पाहिला. “चालते म्हणायची! बरं, राहा मग.”

मावशी पोट धरून हसली. तिच्या तोंडापुढची हवा स्वच्छ होती. वाफ बाहेर आली ती भोकातून, तिच्या हसण्याबरोबर, तुकड्यातुकड्यानं.

त्याला चार दिवस झाले. भट्टीची केबल मी स्वतः उपटून काढली आहे. शेडला कुलूप आहे. मावशी आता फारशी बोलत नाही. बाबा म्हणतात, बरंच झालं, घर शांत झालं.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसतो, तेव्हा परसातून तिचा आवाज येतो. लाडिक, अगदी पूर्वीसारखा.

“ये ना गं... जवळ बस. काहीतरी बोल...”

मावशी माझ्यासमोरच बसलेली असते. ओठ मिटून, माझ्या तोंडाकडे बघत.