राउटरचा तिसरा दिवा

"याला चोरी म्हणायचं का न्हाई, ते तुमीच ठरवा," खुर्चीत बसायच्या आधीच रुद्राणी बोलली. "पण रोज दुपारी कुणीतरी माझं इंटरनेट पळवतंय."

हनुमानला हसू आवरेना. वनमालाताईच्या 'खाजगी तपास' या पाटीखाली आजवर पळालेली जोडपी आली, चोरीला गेलेल्या म्हशी आल्या, लग्नाआधी स्थळाची चौकशी करणारे बाप आले. इंटरनेट पळालं म्हणून कुणी आलं नव्हतं. दोन हजार आठ साल होतं, अंबाजोगाईत आता काय काय पळेल त्याचा नेम नाही!

"दात काढू नकोस," ताई म्हणाली. हनुमान तिचा मामेभाऊ, तिची स्कूटर चालवायचा आणि तिला कळलेलं त्याला नेहमी उशिरा कळायचं. "बोला रुद्राणीबाई."

रुद्राणी बी.एस्सी. झालेली, राजेश्वरअप्पांची सून. परदेशातले डॉक्टर बोलतात ते तिच्याकडे नेटवरून यायचं, ऐकून टाइप करायचं आणि संध्याकाळच्या आत परत पाठवायचं, असं तिचं घरबसल्या काम. पण दुपारी नेट गेलं की काम लटकायचं.

"कंपनीनं सांगितलंय, आता एकदा जरी उशीर झाला तरी काम बंद. सासरे वाटच बघायलेत. काम सुटलं की कॉम्प्युटर विकणार अन् मला चुलीपुढं बसवणार म्हणतेत. मी न्हाई बसणार! कोण करतंय तेवढं शोधून द्या, पुढचं मी बघते."

"कधीपासून चाललंय हे?"

"नागपंचमी झाली अन् खेळ सुरू झाला. फोन कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेलता. तो येतो सकाळी, अन् सकाळी सगळं ठणठणीत असतंय."

ताई उठलीच. "चल रे हनुमान."

घरात शिरल्या शिरल्या हनुमानला दिसली ती लाकडी पेटी. सोप्यात टेबलावर ठेवलेली, पुढून जाळी, वर कुलूप. आत टेलिफोन! माणसाला कोंडतात तसा फोन कोंडलेला.

"किल्ली माझ्या कमरेला असती," राजेश्वरअप्पा पाटावरून गुरगुरले. कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, आवाजात जरब. "फोन वाजला तर मी उचलतो. बाकी कुणाला फोनची गरज न्हाई."

पेटीशेजारीच राउटर होता. रुद्राणीनं समजावून सांगितलं. "नेट येतंय ते फोनच्याच तारेतून. भिंतीवरली ही पांढरी डबी हाय ना, ती बोलणं येगळं करती अन् नेट येगळं. म्हणून फोनवर कुणी बोलत असलं तरी नेट चालू राहतंय. अन् राउटरवर हे तीन दिवे. पहिला विजेचा, दुसरा वाय-फायचा, तिसरा तारेचा."

तिन्ही दिवे हिरवेगार. रुद्राणी लगेच कामाला बसली आणि ताईनं अप्पांकडे मोर्चा वळवला.

"तुमचा या कामाला विरोध हाय म्हणे."

"हाय! लपवून कावून ठेवू? एकदा मेन स्विच बी पाडलता मी. आख्खं घर अंधारात गेलं, सुनेनं भांडून गल्ली गोळा केली. परत हात न्हाई लावला. अन् चोर मी न्हाई, चोर हाय शेजारचा बंकट. उद्या ठाण्यात तक्रार देतो त्याची."

"घरात कोण कोण असतं?"

"मी, आमची मंडळी शिवम्मा, पोरगा, सून. बस्स."

"लेक न्हाई?"

"न्हाई आमाला लेक," अप्पा म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

बंकट गच्चीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला सापडला. पंचविशीचा, नोकरीच्या शोधात असलेला. ताईनं डोळे वटारताच त्यानं कबूल केलं.

"होय, वापरतो मी त्यांचं नेट. पासवर्ड ओम नमः शिवाय ठेवल्यावर शेजाऱ्यानं काय करावं हो? पण वहिनीचं बंद पडलं की माझं बी बंद पडतंय. वाय-फाय दिसतंय, पण पान उघडत न्हाई."

"त्या घरात लेक हाय का रे?"

बंकटनं आवाज खाली आणला. "कावेरी. घाटनांदूरच्या मास्तराशी लग्न केलं, जातीबाहेर. अप्पांनी नाव टाकलंय तिचं. आता दिवस गेलेत म्हणे तिला, आठवा चालू हाय. पण माझं नाव सांगू नका, ताई."

जिन्यातच हनुमाननं निकाल दिला. "हाच चोर. सरळ हाय."

"सरळ दिसतंय तिथंच तू आडवा होतोस," ताई म्हणाली.

खाली रुद्राणीचा नवरा संगमेश दुकानातून जेवायला आला होता. बाजारात त्याचं वायरी, होल्डर, पंख्यांचं दुकान. माणूस मऊ, बापापुढं खाली मान घालणारा.

"तुमी काय केलं यात?" ताईनं विचारलं.

"मी काय करणार? रुद्राणीला म्हणलं, सोडून दे."

"सोडून दे म्हणायला काय जातंय तुमचं!" रुद्राणी आतून ओरडली. तेवढ्यात तिचा सूर बदलला. "गेलं! ताई, गेलं बघा!"

सगळे राउटरपाशी धावले. पहिला दिवा हिरवा, दुसरा हिरवा. तिसरा विझलेला.

ताईनं दिव्यांकडे बघितलं, मग जाळीतून पेटीतल्या फोनकडे. रिसीव्हर जागच्या जागी होता. कुलूपही होतं. "हनुमान, तुझ्या मोबाइलवरून या घरच्या फोनला रिंग दे."

हनुमाननं नंबर लावला. कानात टुक टुक टुक आलं. पेटीतला फोन गप्पच. "एंगेज लागतोय. नंबर चुकला वाटतं," तो म्हणाला.

त्यानं पुन्हा लावला. पुन्हा एंगेज. ताई सोप्याच्या दुसऱ्या टोकाला देवघराच्या बंद दाराकडे बघत राहिली.

"शिवम्मा दुपारची पूजा करायलीय," अप्पा म्हणाले. "त्या टायमाला दार वाजवायचं न्हाई, हा आमच्या घरचा नेम हाय."

"दुपारची पूजा पहिल्यापासून हाय?"

"यंदा श्रावणात धरलीय. अजून सोडली न्हाई."

हनुमाननंही तिकडे बघितलं. चौकटीवरून दोन पांढऱ्या वायरी आत गेल्या होत्या. एक बल्बची असणार. दुसरी कशाची, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला आणि तसाच निघून गेला, कारण दार उघडून शिवम्मा बाहेर आल्या आणि त्यांनी पाहुण्यांना हातावर गूळ दिला. बोटं कोरडी. कपाळावरचं भस्म सकाळचं, घामानं पुसट झालेलं. डाव्या कानात सोन्याचा झुबा लोंबत होता, उजवा कान मोकळा.

म्हातारी विसरली घालायला, हनुमाननं मनाशी म्हटलं आणि गूळ तोंडात टाकला. तिकडे तिसरा दिवा लुकलुकला आणि पेटला.

"आलं!" रुद्राणी कामाकडे धावली. "पण परत गेलं तर? आज पाठवायचंय मला, ताई!"

"परत जाणार न्हाई," ताई म्हणाली. "सगळे बसा."

बंकटलाही बोलावलं. अप्पा पाटावर मुठी आवळून बसले.

"आपण चोर शोधत बसलो आणि राउटर बिचारा पहिल्या दिवसापासून साक्ष देतोय," ताईनं सुरुवात केली. "अप्पांनी मेन स्विच पाडला असता तर पहिला दिवा विझला असता. तो पेटलेला होता. अप्पा सुटले. बंकट वाय-फाय चोरतो, ही चोरी खरी. पण त्यानं नेट मंद होईल, तिसरा दिवा विझणार न्हाई. उलट त्याचंही नेट बंद पडतंय. बंकट सुटला."

बंकटनं अप्पांकडे बघून मिशीला पीळ दिला.

"गडबड तारेत हाय. म्हणून मी फोन लावायला सांगितला. हनुमान, काय ऐकू आलं?"

"एंगेज."

"पेटीतला फोन खाली ठेवलेला, कुलूपबंद. मग एंगेज कोण होतं? याच तारेवर दुसरा फोन हाय. तो डबीच्या अलीकडंच जोडलाय, म्हणून त्यावर बोलायला लागलं की नेट पडतंय. जोडणाऱ्याला वायरीचं काम येतं, पण या डबीचं काम त्याला ठाऊक न्हाई."

संगमेशची मान छातीला टेकली. हनुमानच्या डोक्यात आत्ता कुठं प्रकाश पडला. पंचमीला लेकी माहेरी येतात. या घरची आली नाही. आणि कानाला रिसीव्हर लावायचा तर टोचणारा झुबा आधी काढावा लागतो!

"बोलणारा कोण?" अप्पा गरजले. "नाव सांगा!"

"मला नेट का जातंय ते शोधायला बोलावलं होतं. ते शोधलं. नाव मी सांगणार न्हाई."

"मला बी नको नाव," रुद्राणी एकदम म्हणाली. तिलाही कळलं होतं. "काम गेलं तर जाऊ दे."

"कावून जाऊ दे?" शिवम्मा उठल्या. तरातरा देवघरात गेल्या आणि जुना काळा फोन वायरीसकट सोप्यात आणून नवऱ्यापुढं आदळला. "मी बोलते! रोज बोलते माझ्या कावेरीशी. पहिलं बाळंतपण माहेरी असतंय. तुमी दार लावलं तिला, म्हणून मी तारेवरून जाते तिच्याकडं. देवाच्या नावावर खोटं बोलले, ते मी अन् माझा देव बघून घेऊ. पण माझ्यापायी सुनेचं काम जाणार असलं तर आता लपवत न्हाई."

"शिवम्मा!"

"आवाज चढवू नका. संगमेश, कुठं चुकलंय ते नीट कर."

जन्मात पहिल्यांदा संगमेशनं बापाकडे न बघता पेचकस उचलला. रुद्राणीनं दाखवलं तसं त्यानं दुसरी वायर सोडवली आणि पांढऱ्या डबीच्या पुढं, बोलण्याच्या टोकाला जोडली.

"आता बोलून बघा, आत्याबाई," रुद्राणी म्हणाली. तिनं फाइल पाठवायला लावली होती.

शिवम्मांनी उजव्या कानात परत घातलेला झुबा सगळ्यांदेखत काढून पदराला बांधला. फोन लावला.

"कावेरी? मीच गं. न्हाई, देवघरातून न्हाई. सोप्यातून बोलायले."

हनुमानचे डोळे तिसऱ्या दिव्यावर खिळले होते. दिवा हलला नाही. रुद्राणीनं टेबलावर हात आपटला. "गेली फाइल! पोचली!"

अप्पा उभे राहिले. कमरेची किल्ली मुठीत धरली. "फोन ठेव," ते म्हणाले.

शिवम्मांनी रिसीव्हर थोडा बाजूला केला, नवऱ्याकडे सरळ बघितलं.

"ठेवत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि लेकीला विचारलं, "जेवलीस का गं?"