पियोदांवच्या उतारावर मिळालेली माफी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी तुम्हाला पटवायला बसलेलो नाही.

मी एजिदिओ. डोंगराखालच्या आर्गानिल गावात तीस वर्षं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे माझं. भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यांना मी पायरीवरूनच हाकलतो. पण हे माझ्या मावसबहिणीच्या, इल्दाच्या बाबतीत घडलंय. तिनं सांगितलं तसंच सांगतो, तिखटमीठ न लावता.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. सांव मार्तिन्योच्या, म्हणजे चेस्टनट भाजायच्या सणानंतरचा रविवार. वेळ दुपारी तीनची.

हो, दुपारची. रात्रीबित्री काही नाही.

इल्दा आणि तिचा धाकटा भाऊ बेल्मिरो सायकलनं डोंगरापलीकडच्या पियोदांव गावाला निघाले होते. बेल्मिरो लक्झेंबर्गला बांधकामावर असतो. म्हणजे असायचा. आई गेल्यावर दोन वर्षांनी दहा दिवसांच्या रजेवर आला होता. लहानपणापासून दोघं याच रस्त्यांवर सायकली हाणत वाढलेली.

पण इल्दाला त्या दिवशी फिरायचं नव्हतं. तिला एक गोष्ट कबूल करायची होती.

अकरा वर्षं आईचं सगळं इल्दानं केलं. गू-मूत काढलं, घास भरवले. आणि शेवटच्या तीन दिवसांत आईच्या तोंडी एकच नाव... बेल्मिरो, बेल्मिरो. इल्दाच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं भावाला फोनच केला नाही. आईला मात्र सांगितलं, "केला होता फोन. रजा नाही म्हणाला. येत नाही."

आई त्या समजुतीतच गेली.

आई अचानक गेली, असं बेल्मिरोला वाटत होतं. दोन वर्षं इल्दाला हे आतून कुरतडत होतं. झोप उडाली होती बाईची. भावाला सगळं सांगून टाकायचं आणि त्यानं माफ करायचं, एवढंच तिला हवं होतं.

सकाळपासून तोंड उघडायची हिंमत होत नव्हती. वाटेत कोझा गावात कॉफी पिताना ओठापर्यंत आलं आणि तिनं गिळून टाकलं. मग चढ लागला.

"काय गं म्हातारे, दमलीस?" बेल्मिरो मागून ओरडला.

"आधी स्वतःचं पोट बघ! बिअरचं पिंप घेऊन चढतोयस!"

तो खो खो हसला. इल्दा म्हणते, त्याचं खरं हसणं तिनं ऐकलं ते शेवटचं.

खिंडीत पोचले आणि धुक्यानं गाठलं. असं दाट की दहा पावलांपुढचं दिसेना. पियोदांव खाली दरीत, नऊ किलोमीटर उतार, वळणावर वळण. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला गुडघाभर उंचीची दगडी भिंत आणि खाली पायऱ्या पायऱ्यांची शेतं.

"तू पुढं हो," बेल्मिरो म्हणाला. "तुला रस्ता पाठ आहे."

आता एक गोष्ट सांगतो, नीट लक्षात घ्या. अशा उतारावर पुढच्यानं मागं वळून बघायचं नसतं. मान वळली की चाक वळतं आणि माणूस दरीत. मागच्याची खबर कानानं घ्यायची. पायडल मारणं थांबवलं की मागच्या चाकातून टिकटिक येते, ती. बेल्मिरोच्या चाकाची टिकटिक तर अशी खणखणीत, डब्यात खडे हलवल्यासारखी. ती येतेय म्हणजे भाऊ मागं आहे. आम्ही सगळे असेच उतरतो.

पहिलं वळण.

"खडी आहे रे!" इल्दा ओरडली.

"हो!"

दुसरं वळण.

"ओलं आहे, जपून!"

"हो गं!"

तिसऱ्या वळणावर वाऱ्याचा झोत आला. कानात नुसता घोंघाट. क्षणभर टिकटिक थांबली.

आणि मग...

परत सुरू झाली. आधीपेक्षा जवळ. अगदी तिच्या मागच्या चाकाला चिकटून.

"बेल्मिरो?"

"आहे."

आवाज त्याचाच होता. इल्दाला हायसं वाटलं.

धुकं आणखी दाटलं. ब्रेक दाबून दाबून बोटं दुखायला लागली. पुढं काही दिसत नाही, मागं बघायचं नाही. आणि तिला वाटलं, हीच वेळ. तोंडाकडे बघून जे बोलता येत नाही ते आता बोलता येईल.

ती बोलली. सगळं बोलली. तीन दिवस, न केलेला फोन, आईशी बोललेलं खोटं. काही लपवलं नाही. रडत रडत बोलली.

मागं फक्त टिकटिक.

"ऐकलंस का रे?"

"मला माहीत होतं."

"कुणी सांगितलं?"

टिकटिक, टिकटिक. मग...

"आईनं."

इल्दाला वाटलं, आईनं शेजारणीच्या फोनवरून त्याला गाठलं असेल. म्हणजे दोन वर्षं सगळं ठाऊक असून हा गप्प राहिला! शरमेनं तिचा जीव अर्धा झाला.

"माफ करशील मला?"

"केलं."

"इतक्या पटकन?"

"केलं म्हटलं ना. तू फक्त उतरत राहा."

ती उतरत राहिली. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलला, असं वाटलं म्हणाली. त्या अर्ध्या तासाइतकी सुखी ती कधीच नव्हती. हे सांगताना ती माझ्या दुकानात स्टुलावर बसून हमसून हमसून रडली होती.

पियोदांवच्या चौकात धुकं विरळ होतं. काळ्या दगडाची घरं, निळी दारं, चिटपाखरू नाही. फक्त गावातली ओळखीची झुल्मिरा काकू विकायला मधाच्या बाटल्या मांडून बसलेली.

"या धुक्यात एकटीच गं? नवऱ्याशी भांडून आलीस की काय?"

"एकटी कुठे काकू? भाऊ आहे ना मागं."

"कुठं?"

इल्दा हसत हसत वळली.

रस्ता रिकामा होता.

"आत्ता होता! वळणावर थांबला असेल."

"कुणी नव्हतं बाई," काकू म्हणाली. "वरच्या वळणापासून बघतेय मी तुला. एकटीच होतीस, आणि किती ती बडबड! मला वाटलं, फोनवर बोलतेस."

तेव्हा इल्दाला आठवलं. तिसरं वळण... तिथं टिकटिक थांबली होती.

"काकू, गाडी आहे का कुणाची? कुणी माणूस?"

"माणसं सगळी पलीकडच्या गावी चेस्टनट भाजायला गेलीत. मी आणि मांजर, बस."

"मग अँब्युलन्सला फोन करा, माझा घरी राहिलाय! वरून तिसरं वळण म्हणावं! तिसरं!"

काकू घरात धावली. इल्दानं तिची वाट बघितली नाही. सायकल उलटी फिरवली आणि त्याच चढाला लागली.

नऊ किलोमीटर. पाय आधीच गेलेले. ती उभी राहून पायडल मारत होती, प्रत्येक वळणावर त्याच्या नावानं किंचाळत होती. देवाला शिव्या देत होती आणि त्याच तोंडानं नवसही बोलत होती. हेच पाय जरा आधी मागं वळवले असते तर? अर्धा तास गेला होता. माफी मागण्यात गेला होता.

दोन किलोमीटर चढली असेल. आणि मागून...

टिकटिक.

चढावर टिकटिक येत नाही. येऊच शकत नाही. चढावर पाय थांबले की सायकल थांबते आणि माणूस आडवा होतो. हे मला कुणी शिकवू नये. पण तिच्या मागं कुणीतरी चढ चढत होतं, पायडल न मारता. निवांत.

तिनं मागं बघितलं नाही. आता नियम म्हणून नाही. भीतीनं.

"थकलीस, इल्दा."

तोच आवाज.

ती आणखी जोरात पायडल मारायला लागली.

"थांब ना जरा."

"तू कोण आहेस?" ती ओरडली.

टिकटिक जवळ आली. इतकी जवळ की मागचं चाक आता घासेल.

"माफ केलं ना तुला? मग आता वर कशाला जातेस?"

इल्दा म्हणते, त्या क्षणी पाय खरंच थांबले होते तिचे. अर्धा क्षण. मोह झाला होता तिला. कसला, ते तिनं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मग ती ओरडली, "माझा भाऊ आहे वर!" आणि दात-ओठ खाऊन पायडलवर उभी राहिली. पाच किलोमीटर टिकटिक मागं होती. शेवटच्या चढावर कधी थांबली ते तिला कळलं नाही.

तिसऱ्या वळणावर भिंतीपलीकडे लाल दिवा मिचमिचत होता. बेल्मिरोच्या सायकलचा. ती भिंतीवरून खाली घसरली, गुडघे सोलून निघाले. बेल्मिरो खालच्या शेताच्या बांधाला टेकून पडला होता. जिवंत. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"किती हाका मारल्या गं तुला..."

"आले रे! आले मी! झोपू नकोस, अँब्युलन्स येतेय."

"तू थांबलीच नाहीस."

"मला वाटलं तू मागं आहेस! तू बोलत होतास माझ्याशी. मी सगळं सांगितलं, तू माफ पण केलंस."

बेल्मिरोनं तिच्याकडे बघितलं.

"कशाबद्दल?"

आता तुम्ही म्हणाल, तिनं गप्प बसायचं होतं. मीही तेच म्हणालो होतो, चिडूनच. मरायला टेकलेल्या माणसाला हे सांगायचं असतं का? पण ती म्हणाली, "एजिदिओ, त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मला श्वासच घेता येत नव्हता."

तिनं परत सगळं सांगितलं. त्याचा हात हातात धरून.

तो म्हणाला, "तीन दिवस?"

"हो."

"माझं नाव घेत होती?"

"हो रे. मला माफ कर. एकदा म्हण. एकदाच."

बेल्मिरोनं तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. बोटांत ताकद नव्हती त्याच्या, तरी सोडवला. तोंड दगडी बांधाकडे फिरवलं. अँब्युलन्स आली, त्याला वर काढलं, तरी त्यानं मान वळवली नाही. खिंड ओलांडायच्या आतच गेला. डॉक्टर म्हणाले, रक्त आत वाहत होतं. तासभर आधी मिळाला असता तर वाचण्याची आशा होती.

या गोष्टीला या आठवड्यात वर्ष झालं.

पाद्रीबाबांनी तिला समजावलं, देवानं केव्हाच माफ केलंय. ती म्हणाली, देवाला मध्ये आणू नका, त्याच्याशी माझं काही वाकडं नाही. माफी ज्यानं द्यायची त्यानं दिली नाही. आणि ज्यानं दिली, तो कोण होता? फुकट कोण माफ करतं? त्यानं माझ्याकडून माझा भाऊ घेतला आणि बदल्यात ही माफी हातात ठेवली. मला ती नकोय. मी जाऊन परत करणार आहे.

हे तिनंच मला सांगितलं. मागच्या महिन्यात तिनं सायकल दुरुस्तीला टाकली, ती मी मुद्दाम अडकवून ठेवली. रोज यायची. "झाली का?" मी म्हणायचो, पार्ट आला नाही. काल आली, माझ्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाली, "राहू दे एजिदिओ. चालत जाईन."

आज रविवार. सकाळपासून डोंगर दिसत नाहीये, इतकं धुकं. मी आत्ता तिच्या घरी फोन केला. तिचा नवरा नॉर्बेर्तो अंथरुणातूनच बोलला.

"ती आठलाच गेली की. चालत."

"एकटी सोडलीस तिला? अक्कल आहे का तुला?"

"एकटी कुठे?" तो म्हणाला. "दारात बोलत होतास ना तिच्याशी. आवाज ऐकला मी तुझा. आणि आता मलाच विचारतोस?"

मी सकाळपासून दुकानाबाहेर पाऊल टाकलेलं नाही.