चाहूलपट्टी

रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून होत आले होते आणि पंगत आता बसणारच होती, तेवढ्यात उज्ज्वलाच्या मनगटावरचं कडं थरथरलं.

"रेवा, हात!" ती बसल्या जागेवरून ओरडली.

नऊ वर्षांची रेवा बाभळीखाली चुलत भावंडांशी खेळत होती. तिचे हात मातीत होते. आईचा आवाज आला तसा एक हात उचलला गेला आणि थेट मानेवर गेला. वावरात जमलेलं सगळं गणगोत तिच्याकडे पाहू लागलं.

रेवाच्या कोपराच्या लवणीत नखाएवढी पारदर्शक चाहूलपट्टी होती. कातडीतला ओलावा किती उडतोय, खाजेच्या नसा जाग्या होतायत का, हे तिला कळायचं, आणि खाज जाणवण्याआधीच आईचं कडं थरथरायचं. दिवाळीत ती बसवली तेव्हा उज्ज्वलाला हायसं वाटलं होतं. आता खाज आणणारा चोर सापडणार, अशी तिची खात्री होती. चोर काही सापडला नाही. थरथर तेवढी वाढली.

"कडूनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घाल तिले," मोठी जाऊ सुलोचना म्हणाली. "रक्तच खराब असन."

उज्ज्वलाच्या मनात आलं, सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं? कडूनिंब झाला, गोमूत्र झालं, पथ्य तर चालूच होतं. वांगं बंद, दही बंद, शेंगदाणे बंद, अंडं बंद. आजही रोडग्यांच्या जेवणाला ती लेकीसाठी दुधीची भाजी आणि भाकरीचा डबा घेऊन आली होती. अख्ख्या अकोल्यात रोडग्यांबरोबर दुधी खाणारी ही एकटीच पोर असेल. याचाही तिला राग यायचा, आणि राग काढायला समोर कुणी नसायचं.

पंगत बसली तेव्हा रेवा जागेवर नव्हती.

तुरीच्या गंजीमागे ती सापडली. मांडीवर पत्रावळ, तुपात कुस्करलेला रोडगा आणि त्यावर तर्रीसकट वांग्याची भाजी. पत्रावळ निम्मी रिकामी होती. आपल्याला कुणी पाहतंय याचा तिला पत्ता नव्हता.

उज्ज्वलाने कड्याकडे पाहिलं. कडं शांत होतं. ती चार पावलं मागे सरली आणि तिथूनच डॉक्टर ताथोडांना फोन लावला.

"तुमची पट्टी बिघडली, डॉक्टरसाहेब. पोरीनं वांगं खाल्लं अन् ही ढिम्म हलत नाही."

पलीकडे डॉक्टरांनी नोंदी उघडल्या. "पट्टी चालू आहे, ताई. कातडी शांत आहे, म्हणून ती शांत आहे. उद्यापर्यंत लक्ष ठेवू, पण अ‍ॅलर्जीच्या तपासणीतही वांगं कधी आलं नव्हतं. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग दोष कोणाचा आहे? एकदाचं नाव सांगा ना."

"एक्झिमात असं एकच नाव नसतं. तिच्या कातडीचा बांध जन्मापासून कच्चा आहे. ओल टिकत नाही, थंडीत आणखी उडते. बांध रोज लिंपायचा. आंघोळ झाली की ओल्या अंगावर मलम. तुम्ही चट्टा गेला की मलम थांबवता आणि वांगं मात्र वर्षानुवर्षं बंद ठेवता."

उज्ज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचंच होतं. इतकी वर्षं पोरीच्या तोंडचा घास काढला, तो कशासाठी?

"आणखी एक," डॉक्टर म्हणाले. "पट्टीला लागते ती नुसती चाहूल. बऱ्याचदा ती आपोआप विरते. शाळेत विरते, झोपेत विरते. तुम्ही जवळ असलात की विरत नाही. तुम्ही हाक मारता आणि मग खाज सुटते. कडं तुमच्या हाती देताना मला हे सुचलं नाही. ते काढून ठेवा."

तिने फोन बंद केला. डॉक्टरांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला. कडं काढून तिने डब्याच्या पिशवीत टाकलं आणि गंजीला वळसा घातला.

आई दिसताच रेवाने पत्रावळ पाठीमागे लपवली.

"खा," उज्ज्वला म्हणाली आणि तिच्याजवळ बसली. "मलेही एक घास दे."

रेवाने घाबरत घास पुढे केला. दोघी खाऊ लागल्या. वांगं झणझणीत झालं होतं. उज्ज्वलाने मानेकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि तुरीच्या काड्यांकडे पाहत राहिली.

थोड्या वेळाने रेवाचा हात मानेच्या दिशेने निघाला आणि अर्ध्यावर थांबला. तिने आईच्या मनगटाकडे पाहिलं. मनगट मोकळं होतं. तिने दुसरंही मनगट पाहिलं. मग आईच्या तोंडाकडे पाहत तिने विचारलं,

"आई, मले आता खाज सुटली का?"